वाकडीचं पोट

कुरिअरवाला आला की बाबा खाटेवरून विचारायचे, "काय आलं रे?" मी दर वेळी सांगायचो, "ऑफिसचं हाय."

ऑफिसचं काही नसायचं. खोक्यात करवत असायची. कधी ओढून कापायची जपानी करवत, कधी पटाश्यांचा संच, कधी काटकोन पाहायचा पितळी पट्टीचा गुण्या. बोथच्या तहसील कचेरीत सीनियर असिस्टंट असलेला बावन्न वर्षांचा माणूस ही हत्यारं घेऊन काय करतो? महिन्याच्या पहिल्या रविवारी आदिलाबादला जातो आणि आपल्यासारख्याच तिघांना दाखवतो. तीन वर्षांत मी एक स्टूल केलं, दोन पाट केले, आणि बायकोसाठी मसाल्याचा एक डबा. त्या डब्याचं झाकण आषाढ लागला की बसत नाही.

चंदा, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, "हत्यारं पाहून वाटते, या घरातून रोज एक कपाट निघत असंल. निघते खोकं."

आमच्या ग्रुपचं नाव ‘रविवारचे सुतार’. हे नाव मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. सुतार रविवारचा नसतो. माझा बाप सातही वारांचा सुतार होता. अमावस्येला तेवढा हत्याराला हात लावायचा नाही. पण मी हे ग्रुपमध्ये कधी बोललो नाही. तिथं मी सांगितलं होतं की वडील शेती करायचे. माझ्या आडनावावरून जात कळत नाही, याचा मी फायदा घेतला. लाज वाटायची, दुसरं काय. ज्या कामाची लाज वाटायची तेच काम मी हौस म्हणून करत होतो, आणि तेही हत्यारं कुरिअरनं मागवून.

बाकीचे तिघं सांगतो. सुधाकरराव, अडुसष्ट वर्षांचे, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांच्याच कार शेडमध्ये आम्ही जमायचो. कार बिचारी उन्हात उभी राहायची. शुभांगी, दातांची डॉक्टर, जी दवाखान्यातल्या जुन्या हत्यारांनी लाकडावर पानंफुलं कोरते. आणि भूषण, घरी बसून हैदराबादच्या कंपनीचं काम करणारा, आमच्यात सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त मशिनी असलेला आणि आजवर एकही वस्तू पूर्ण न केलेला.

नियम एकच होता. नवीन हत्याराचा फोटो आधी टाकायचा नाही. रविवारी आणायचं, टेबलावर ठेवायचं, वरून तरट झाकायचं. बाकीच्यांनी तरटाखाली हात घालून नुसतं चाचपायचं, आणि तीन गोष्टी सांगायच्या: नाव, काम आणि एक खोड. चुकला तो चहा करणार. पात्याला आधी टेप लावायची, हा शुभांगीचा पोटनियम, भूषणचं बोट कापलं तेव्हापासूनचा.

दुसरा एक नियम होता, पण तो कोणी लिहिलेला नव्हता. काच. शेडच्या कोपऱ्यात सुधाकररावांची जाड काच होती, दोन हात लांब. नवा रंधा आला की आधी त्या काचेवर ठेवायचा. टोकाला बोटानं दाबायचं. जरा जरी हलला, टक् वाजला, तर काचेवर पॉलिशपेपर चिकटवून त्याचा तळ घासत बसायचं, हलणं जाईपर्यंत. माझेही दोन रंधे त्या काचेवर घासलेत. आमचं दैवतच म्हणा ती.

आता माझ्या बापाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

नागोराव सुतार. सुतार हे आडनाव नव्हे, गाव तसं म्हणायचं. पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या अकरा गावांत बंडीचं चाक म्हटलं की हेच नाव. सहा पुठ्ठे, बारा आरे, मधे तुंबा. पुठ्ठे म्हणजे चाकाच्या गोलाचे तुकडे, एकाला एक जोडले की गोल पुरा होतो. ते तिवसाच्या लाकडाचे. तुंबा बाभळीचा. चाक जुळलं की सकाळी चिंचेखाली गोवऱ्यांचा जाळ करायचा, त्यात लोखंडी धाव लाल करायची, चार माणसांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची. लाकूड पेटायचं, धूर व्हायचा, आणि बाबा ओरडायचे, "पानी." आम्ही पोरं घागरी घेऊन तयारच असायचो. चर्र करून वाफ उठायची, धाव आकसायची, आणि चाकाचे सगळे सांधे कडाकडा आवळायचे. तो आवाज मी त्यानंतर कुठं ऐकला नाही. गावातल्या बाया उगाच पाण्याला जायच्या त्या वाटेनं.

पुठ्ठ्याची बाहेरची बाजू म्हणजे पाठ, आतली म्हणजे पोट. पोट गुळगुळीत लागतं. खरबडीत राहिलं तर काळ्या मातीचा चिखल धरून बसतो आणि बैल ओढून मरतात. साधा रंधा त्या आतल्या गोलाईत उतरत नाही. त्यासाठी बाबांकडं शिसवाचा एक रंधा होता, त्यांच्या वडलांच्या हातचा. त्याचा तळच गोलाईचा, होडीसारखा. त्याला सगळे ‘वाकडी’ म्हणायचे. बाबा तिला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी चौदा वर्षांचा असताना एकदाच दिली. मी चार हात मारले, पाचव्याला घसरलो, आणि पुठ्ठ्याच्या पोटात बोटभर लांब खाच पडली. मला वाटलं आता थोबाडीत बसते. बाबांनी खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "राहू दे. चाकाले ठाव राहील, कोन होतं म्हणून." त्यांनी पुठ्ठं बदललं नाही. चाक तसंच गेलं.

मग टायरच्या बंड्या आल्या. मग ट्रॅक्टर आले. मला नोकरी लागली, आम्ही बोथला आलो, मी स्लॅबचं घर बांधलं. बाबांची हत्याराची पेटी गच्चीच्या जिन्याखाली होती. अकरा वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला नेलं होतं, तेव्हा घरी साहेब लोक जेवायला यायचे होते. भंगारवाला दारावरून जात होता. मी पेटी उघडली आणि सगळं त्याच्या गाड्यावर टाकलं. एक रुपया घेतला नाही. घेतला असता तर निदान विकलं म्हणता आलं असतं. मी फेकलं.

ऑपरेशन करूनही बाबांची नजर गेली. आता एका डोळ्याला उजेड-अंधार कळतो, तेवढंच. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते बजावायचे, "वाकडीले तेल लावत जा. सुकली तर चिरते." मी म्हणायचो, "लावतो." अकरा वर्षं मी रिकाम्या पेटीला तेल लावत होतो.

हे सांगून झालं. आता तो रविवार.

त्या दिवशी शुभांगीनं बोटाएवढी एक नखपटाशी आणली होती. ती सगळ्यांनी ओळखली. भूषणनं धूळ ओढायचं मशीन आणलं होतं, ते तरटाखाली मावेना. तिसरी पाळी सुधाकररावांची. ते आल्यापासून गालात हसत होते.

"हे कुरिअरचं नाही," ते म्हणाले. "निर्मलला गेलो होतो, जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात सापडलं. आधी देवानंद हात घालतील."

मी हात घातला. लाकडी रंधा, हे लगेच कळलं. शिसवाचं गारपण. मागच्या बाजूला तळव्यानं झिजून झालेली खोलगट जागा. माझा तळवा तिच्यात बसला नाही, जागा मोठी होती. बाजूला एक जळका खड्डा, करंगळीचं टोक जाईल एवढा. तिथं माझे बाबा पेटती बिडी टेकवायचे. पुढच्या टोकाला तापल्या सळईची तीन टिंबं. बाबांची खूण.

मी हात वळवून तिचं पोट, म्हणजे तळाची गोलाई, चाचपलं. पोट नव्हतं.

"नाव?" सुधाकरराव म्हणाले.

मी परत टिंबं चाचपली.

"देवानंदभाऊ, चहा तुमच्यावर आला," भूषण म्हणाला. "अद्रक टाका जरा."

"वाकडी," मी म्हणालो.

"काय?"

"नाव वाकडी. काम, बंडीच्या चाकाचे पुठ्ठे आतून घासायचे. अन् खोड अशी, का कोन्या गाढवानं तिचं पोट कापून टाकलं."

पस्तीस वर्षं वर्गात ज्यांच्यासमोर पोरं श्वास रोखून बसायची, त्या माणसाला मी गाढव म्हणालो. त्यांनी तरट काढलं. रंधा चकाकत होता. वरून पॉलिश, पातं आरशासारखं, आणि तळ म्हणजे पाण्याचा थर.

"पोट नव्हतं हो ते," ते शांतपणे म्हणाले. "झीज होती. दोन्ही टोकं झिजली होती. काचेवर ठेवला तर पाळण्यासारखा डुलत होता. दोन दिवस घासला मी. हात सुजले. आता बघा." त्यांनी तो काचेवर ठेवला, चारी कोपरे दाबून दाखवले. टक् नाही, काही नाही.

"तो डुलायलाच पाहिजे होता," मी म्हणालो. "गोल चाकात सपाट रंधा काय करंल? तुमाले डुलणं दिसलं, गोलाई नाई दिसली? लाकडात काय काम होतं हे एकदा तरी इचारायचं. पण नाई. आपल्याले काच ठाव हाय, अन् काचेवर जे बसत नाई ते चूक."

‘आपल्याले’ म्हणालो ते बरं केलं, कारण माझ्या हातात तो रंधा परका म्हणून आला असता तर मीही तो काचेवरच ठेवला असता. हे मला तेव्हाच कळलं आणि राग अजून वाढला.

"तुम्हाला कसं माहीत एवढं?" शुभांगीनं विचारलं.

"माझ्या बापाचा हाय तो. माझा बाप शेतकरी नाई. सुतार हाय. मी सुताराचा पोरगा हाव."

 मग भूषण हळूच म्हणाला, "चोरीला गेला होता का मग?"

मी मान हलवली. होकारार्थी. एवढं खरं बोलून झाल्यावर लगेच खोटं.

सुधाकररावांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला, रंधा त्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "त्यांना सांगा," ते म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून काच पुसायला लागले.

गाडीवर बोथपर्यंतच्या रस्त्यात मी एकच विचार करत होतो. बाबांना हे द्यायचं का नाही. नाही दिलं तर रिकाम्या पेटीचं तेल चालू राहील, आणि बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, किती दिवस चालेल ते मलाही कळतं. दिलं तर त्यांचं बोट एका क्षणात तळावर जाईल. इच्चोड्याच्या अलीकडं हायवेला तो ढाबा लागला, ज्याच्या फाटकाला बंडीचं चाक सिमेंटमध्ये अर्धं गाडून उभं केलंय, लाल-पिवळं रंगवलंय, वर लाइटाची माळ. मी नेहमीसारखी मान दुसरीकडं केली आणि गाडी पळवली.

घरी बाबा खाटेवर बसले होते. मी पंचा सोडला आणि रंधा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"वाकडी," मी म्हणालो. "इचारत होते ना."

त्यांचा तळवा मागच्या जागेवर बसला. बरोबर बसला. चेहरा असा सैलावला की मला वाटलं सुटलो. मग दुसरा हात तळावर गेला.

"हा माहा नाई," ते म्हणाले. "माह्यासारखा हाय."

 त्यांनी बिडीचा खड्डा शोधला. त्यात करंगळी घातली. मग तीन टिंबं मोजली. परत तळावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"कोनं केलं हे?"

"एका मास्तरनं. त्याले वाटलं झिजली हाय."

"अन् मास्तरले कोनं देल्ली?"

भंगारवाल्याचं नाव घेता आलं असतं. चोराचं घेता आलं असतं. ते तर तयारच होतं.

"मी देल्ली," मी म्हणालो. "मास्तरले नाई. भंगारात देल्ली. पेटीतलं सारंच. तुमी नागपूरले होते तवा."

बाबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. वाकडी उशाशी घेतली. चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चंदानं वाढलं तर जेवायचे, मी ताट आणलं तर भूक नाही म्हणायचे. मी कचेरीत जायचो, लोकांच्या जमिनीच्या पहाण्यांच्या नकला काढायचो, आणि संध्याकाळी येऊन पाहायचो तर ते तसेच, अंगठा तळावर, इकडून तिकडं.

पाचव्या दिवशी मी समोर बसलो असताना ते चंदाला म्हणाले, "सूनबाई, त्याले सांग, त्या मास्तरले घेऊन ये."

"काऊन, बाबा?" चंदानं विचारलं. "भांडता का?"

"एवढं सपाट मीबी कदी केलं नाई. मूर्ख हाय, पन हात हाय त्याचा. पाह्याचा हाय मले."

मी ग्रुपवर कळवलं. रविवारी तिघंही भूषणच्या गाडीतून बोथला आले. सुधाकररावांनी दारातच वाकून नमस्कार केला. बाबांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. तळवा उलटा करून चाचपला, बोटांची पेरं चाचपली.

"खडूचा हात हाय," बाबा म्हणाले. "घट्टा नवाच दिसते. किती दिवस घासलं?"

"दोन."

"दोनच? बरं घासलं."

सुधाकरराव म्हणाले, "नागोराव, चोराकडून फिरत फिरत आला माझ्याकडं. मला ठाऊक असतं तर हातही लावला नसता."

"चोर हा काय, तुमच्या बाजूले बसला हाय," बाबा म्हणाले. "त्याले चहा पाजा."

मग मला सगळं सांगावं लागलं. साहेब लोकांचं जेवण, जिन्याखालची पेटी, गाडा. भूषण मोबाइलकडं पाहत राहिला. शुभांगी माझ्याकडं किडलेल्या दाढेकडं पाहावं तशी पाहत होती. कोणी मला समजावलं नाही, हे बरंच झालं.

सुधाकररावांनी खिशातून पेन काढलं. त्यांना काहीतरी करायचं होतं. "चाक केवढं होतं ते सांगा. मी गोलाई काढून देतो, अगदी केसाएवढा फरक पडणार नाही. तीच गोलाई या तळाला परत देऊ. टोकं उतरवली की झालं."

"केवढं म्हंजे?" बाबा म्हणाले. "बंडीएवढं."

"म्हणजे किती फूट?"

"फूट नाई ठाव. रंध्यावरून चाक अन् चाकावरून रंधा. माह्या बापानं मले रंधा देल्ला, आकडा नाई देल्ला." त्यांनी हवेत हातानं एक गोल काढला. गोल कुठंच जुळला नाही. त्यांनी हात खाली घेतला. "आता हातातबी नाई राह्यलं. एक चाक पाह्यजे. एक पुठ्ठं भेटलं तरी पुरे. पन कुटं भेटते आता. लोकायनं जाळून टाकले, पानी तापवाले."

त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. सहा वर्षं ठाऊक होतं. मी तिथं चहाला थांबलो होतो, चाकाजवळ उभा राहिलो होतो, आणि कप अर्धा टाकून निघालो होतो. त्यानंतर मी तिथं कधी थांबलो नाही.

"हाय एक," मी म्हणालो. "हायवेवर. ढाब्याच्या फाटकाले."

बाबांनी माझ्याकडं तोंड फिरवलं. आठवड्याभरात पहिल्यांदा.

आम्ही सगळे त्याच गाडीतून गेलो. बाबा पुढं बसले, मांडीवर वाकडी. ढाब्यावर लग्नाच्या वऱ्हाडाची एक बस थांबली होती, पोरी चाकाला टेकून फोटो काढत होत्या. मालक आम्हाला पाहून म्हणाला, "बाबाजी, फोटो लेना है तो उधर से लो, इधर धूप है."

"फोटो नहीं," मी म्हणालो. "इन्होंने बनाया है ये."

त्यानं बाबांकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, आणि पोरींना बाजूला व्हायला सांगितलं.

बाबा जमिनीवर बसले. तुंब्यावर हात ठेवला. रंगाचे चार थर होते, तरी नखानं खरवडून त्यांनी टिंबं शोधली. एक, दोन, तीन. मग आऱ्यांवरून हात वर नेला, आणि पुठ्ठ्याच्या पोटात घातला.

शुभांगीच्या दवाखान्याच्या बॅगेत दातांचं माप घ्यायच्या लापशीचं पीठ कायम असायचं, आणि ती बॅग गाडीतच होती. वाटीत गुलाबी पीठ कालवून तिनं ते दोन आऱ्यांच्या मधे पुठ्ठ्याला थापलं.

"चाकाचा दात काढून राह्यल्या का, बाई?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, माप घेते. दोन मिनिटांत सुकतं."

"घ्या. पन मले खोकं द्या एखांदं. जाड."

भूषणच्या डिकीत त्याच्या धूळमशीनचं खोकं तसंच पडलं होतं. त्याचा एक तुकडा फाडून मी चाकूनं कापायला बसलो, आणि बाबा तो चाकाच्या पोटाला लावून फटीत नख घालून पाहायचे. "नख जाते. काढ अजून." मी काढायचो. "आता त्या टोकाले." मी काढायचो. पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल. एकदा तुकडा लावता लावता त्यांचा हात शेजारच्या पुठ्ठ्यावर सरकला आणि थांबला. तिथं बोटभर लांब खाच होती, रंगानं अर्धी भरलेली.

त्यांनी अंगठा त्या खाचेत घातला. बराच वेळ काढला नाही.

"हे तुलेबी ठाव होतं," ते म्हणाले. ते विचारत नव्हते.

"हो."

"म्हनून नाई सांगतलं."

"हो."

त्यांनी हात काढून पुन्हा खोक्याच्या तुकड्याला लावला. "काढ अजून. नख जाते."

ते माप घेऊन आम्ही त्याच संध्याकाळी आदिलाबादला सुधाकररावांच्या शेडमध्ये गेलो. शुभांगीच्या गुलाबी साच्यावर बाबांनी कापलेला तुकडा ठेवून पाहिला, तर दोन्हींची गोलाई अशी जुळली की सुधाकररावांनी चष्मा काढून परत लावला. बाबांचे हात आता कानस धरू शकत नव्हते. त्यांनी सुधाकररावांना धरायला लावली. माझ्याकडं दिली नाही.

सुधाकररावांनी स्वतः सपाट केलेला तळ स्वतःच उतरवला. पुढून थोडा, मागून थोडा. दहा हात मारले की बाबा "थांब" म्हणायचे, तुकडा लावायचे, अंगठा फिरवायचे, "अजून." मास्तर घामानं भिजले होते. एकदा म्हणाले, "आता बरोबर वाटतं." बाबा म्हणाले, "तुमाले सपाटच बरोबर वाटते. मारा." भूषण हसला, मग सुधाकररावही हसले, आणि मारत राहिले. दोनदा उतरल्यामुळं वाकडी बोटभर पातळ झाली. पात्यापुढची फटही रुंद झाली. बाबांनी तिथं शिसवाची एक चिपटी बसवायला लावली. ती जुन्या अंगात वेगळी दिसते, आणि दिसतच राहणार. या जिल्ह्यात आता तिला काम नाही. एक चाक आहे, ते सिमेंटमध्ये गाडलेलं आहे.

शेवटी बाबांनी कानस खाली ठेवायला सांगितली. "तुमची काच कुटं हाय?"

सुधाकररावांनी काच पुढं सरकवली. मी वाकडी तिच्यावर ठेवली. बाबांनी टोकाला बोट लावलं आणि सोडलं. ती डुलली. पुढं, मागं, पुढं, आवाज न करता. सुधाकरराव वाकून पाहत होते. आजवर ज्या हलण्यावर त्यांनी पॉलिशपेपर चालवला, त्याच्याकडं ते हात मागं बांधून पाहत होते.

बाबा ऐकत होते. ती थांबायला आली तसं त्यांनी पुन्हा बोट लावलं.

"आता वाकस आन," ते मला म्हणाले.

वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, तोही त्याच पेटीत होता. मला वाटलं त्यांना भ्रम झाला. मग कळलं, नाही झाला.

"वाकस नाई, बाबा. देल्ला."

"किकरं?"

"देल्लं."

"गिरमिट?"

"तेबी."

ते एकेक नाव घेत गेले. करवत मोठी, करवत लहान, खतावणी, सामता, मोगरी. पेटीत जशी ठेवलेली असायची त्याच क्रमानं, वरून खाली. मी एकेकाला ‘देल्लं’ म्हणत गेलो, न चुकवता, सगळ्यांसमोर. आणि दर नावाला बाबा बोटानं वाकडीला हलकेच ढकलत होते, थांबू देत नव्हते.